आधी जोड बघा

बॉब सॅप हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे ठाऊक असेल. पावणेदोनशे किलोच्या घरातलं शरीर, बचावाची फिकीर नाही, दोन्ही हातांनी ठोसे हाणत थेट अंगावर जायचं, अशी त्याची लढण्याची रीत. हा अमेरिकन गडी आपल्या मुंबईतही लढून गेला आहे. 11 मार्च 2012 रोजी अंधेरी क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी ही लीग सुरू केली होती. मुख्य लढत होती सॅप आणि इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन यांची. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. सॅप खाली गेला, पाय दुखावला आणि त्याने हार मानली. अशा लढतीनंतर प्रेक्षक एकच प्रश्न विचारतो, की ही नुरा कुस्ती होती का? मला आज सांगायचं आहे ते हे, की विचारायचा प्रश्न तो नव्हेच. ही जोड कोणी लावली आणि काय बघून लावली, हे विचारायला हवं. जत्रेतल्या आखाड्याभोवती बसणारा आपला म्हातारा माणूस हा प्रश्न हलगी वाजायच्या आधी विचारतो. आपण मात्र पडद्यापुढे बसलो की तो विसरतो.

सॅपची कहाणी बहुतेक वेळा अशी सांगतात, की एक भयंकर लढवय्या होता, पैशाच्या मागे लागला आणि त्याचा तमाशा झाला. तारखा लावून पाहिलं तर क्रम उलटा दिसतो. 1997 साली शिकागो बेअर्सने त्याला अमेरिकन फुटबॉलसाठी निवडलं. तिथे त्याचा जम बसला नाही. मग तो टीव्हीवरच्या ठरवून खेळायच्या कुस्तीकडे वळला, पण 2001 मध्ये ती कंपनीच मिटली. 2002 साली जपानी संयोजकांनी त्याला उचललं, थोडं शिक्षण दिलं आणि थेट सगळ्यात मोठ्या मंचावर उभं केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षकांसमोर त्याची गाठ अंतोनियो रोद्रिगो नोगेराशी घातली. नोगेरा त्या काळातला अव्वल लढवय्या, वजन साधारण शंभर-एकशे पाच किलो. सॅपने त्याला उचलून आपटलं, चेपलं, आणि दुसऱ्या फेरीत नोगेराने हाताला कैची घालून लढत जिंकली. लोक खूश झाले. संयोजकांनाही धंद्याची किल्ली सापडली, आणि ती किल्ली म्हणजे बेजोड लढत. म्हणून मी म्हणतो की या गोष्टीत लढवय्याचा कलाकार झालेला नाही. कलाकारालाच लढवय्या म्हणून उभं केलं गेलं, आणि ते जमवण्यासाठी दर वेळी जोड मोडावी लागली.

आपल्या पट्ट्यात हे समजावून सांगणं सोपं आहे. चाकणच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी नुसती धिप्पाड जनावरं बघत नाही. घरी एक बैल असेल तर त्याच्या उंचीला, चालीला, वयाला जुळणारा दुसरा शोधतो. दात बघतो, चालवून बघतो. कारण जू एका बाजूला कललं की तास वाकडं जातं, ते एक वेळ परवडेल. पण खांदा येतो, म्हणजे सुजतो, तो बैलाचा. आणि खांदा दर वेळी लहान बैलाचाच येतो असंही नाही. धिप्पाड पण न शिकलेला बैल शिकलेल्या बैलाबरोबर जुंपला, तर तोच आधी मोडतो. कोणी म्हणेल, बैल एकाच दिशेने ओढतात आणि पैलवान एकमेकांच्या विरुद्ध, मग ही तुलना कशी लागू पडते? लागू पडते. आखाड्यात उतरलेले दोघे एकाच कार्यक्रमाची गाडी ओढत असतात. तिकीट दोघांच्या नावावर विकलं जातं, आणि खांदा आला तर संयोजकाचा येत नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटातही दावणीतला सगळ्यात मोठा बैल धुरेला जुंपत नाहीत. जोडीदाराच्या वेगाचा आहे की नाही ते बघतात. जे आपण जनावराच्या बाबतीत पाळतो, ते माणसाच्या बाबतीत सोडून का द्यायचं?

आता बेजोड लढतीत खांदा कोणाचा आला ते बघा. मार्च 2003 मध्ये सॅपची लढत क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपशी लावली. वजनात सॅप कितीतरी भारी, ठोसे-लाथांच्या विद्येत क्रो कॉप कितीतरी पुढे. पहिल्याच फेरीत एक डावा ठोसा बसला आणि सॅपच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. म्हणजे जोड नुसत्या वजनाची नसते, विद्येचीही असते. हे मी पुन्हा सांगतो, कारण काटा आणून वजन केलं की आपलं काम झालं असं समजणारे संयोजक फार आहेत. त्याच वर्षी 31 डिसेंबरला नागोयात सॅपसमोर अकेबोनो उभा केला. अकेबोनो म्हणजे सुमोतला योकोझुना, त्या पदावर पोचलेला पहिला परदेशी. सुमोतून तो 2001 मध्येच निवृत्त झाला होता आणि ठोशांच्या खेळात अगदी नवखा होता. वजनाला वजन बरोबर होतं, किंबहुना अकेबोनोच जड. पहिल्याच फेरीत तो तोंडघशी पडला. जपानमध्ये त्या रात्री सगळं घर एनएचके वाहिनीवरचा गाण्यांचा कार्यक्रम बघतं, तरी या लढतीच्या काही मिनिटांत प्रेक्षकसंख्या त्या कार्यक्रमाच्याही पुढे गेली. संयोजकांच्या हिशेबात हा मोठा विजय. अकेबोनोच्या हिशेबात त्यानंतर बहुतेक पराभवच लिहिले गेले, आणि सुमोतल्या त्याच्या नावावर तोंडघशी पडल्याच्या त्या एका छायाचित्राची सावली पडली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. अर्नेस्टो हूस्ट तोवर तीन वेळा के-वन या ठोसे-लाथांच्या स्पर्धेचा विजेता होता. त्याला सॅपने 2002 मध्ये दोनदा हरवलं. मग ताकदीने विद्येला हरवलं, यातच तर गंमत आहे, असं कोणी म्हणेल. पण दुसरी लढत याच स्पर्धेतली, तिचं पुढे काय झालं? सॅपचा हात मोडला, त्याला स्पर्धा सोडावी लागली. त्याच्या जागी हूस्ट परत आला आणि शेवटी विजेताही तोच ठरला. ज्याला दोनदा हरवलं त्याच्याच हाती करंडक. अशा लढतींतून कोण श्रेष्ठ हे कळत नाही. कुस्ती निकाली होते, पण निकालाला अर्थ राहत नाही. अंधेरीतही तेच झालं. थॉम्पसन जिंकला, पण तो किती चांगला लढवय्या आहे हे त्या दोन मिनिटांतून कोणाला कळलं?

दुसरा आक्षेप दारासिंगांच्या नावाने येतो. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये कुस्त्यांना लोटलेली गर्दी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. दारासिंगांसमोर किंग काँग, म्हणजे त्यांच्याहून कितीतरी जड माणूस. ती तरी कुठे जोड होती? आणि दारासिंगही पुढे सिनेमात गेले, 1987 मध्ये रामायण मालिकेत हनुमान झाले, राज्यसभेत बसले, आणि त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. हे सगळं मान्य. पण त्या कुस्तीत दोघेही एकाच विद्येत मुरलेले असत. कसं पडायचं, कसं पाडायचं, समोरच्याची मान कशी सांभाळायची हे दोघांनाही येत असे. वजनात अंतर असलं तरी कसबात जोड होती. म्हणूनच ती माणसं वर्षानुवर्षं तो खेळ करू शकली. मनोरंजन करणं हे कमीपणाचं काम नाही, हे मला अगदी स्पष्ट म्हणायचं आहे. लोकांना दोन घटका आनंद देणाऱ्या पैलवानाने त्याचे पैसे घ्यावेत, सिनेमात जावं, फेटा बांधून घ्यावा. सॅपनेही जाहिराती केल्या, गाण्यांची तबकडी काढली, 2005 मध्ये हॉलिवूडच्या द लाँगेस्ट यार्ड चित्रपटात काम केलं, आणि ते लोकांना आवडलं. त्याबद्दल त्याला दोष देणं अन्याय आहे. दोष आहे तो मनोरंजनाचा माल खऱ्या झुंजीच्या वेष्टनात घालून विकणाऱ्याचा.

जेम्स थॉम्पसनचंच नाव धरून आणखी एक उदाहरण सांगतो. मे 2008 मध्ये तो अमेरिकेत किम्बो स्लाइसकडून हरला होता. किम्बो हा परसात, मोकळ्या आवारात मारामाऱ्या करून त्यांच्या व्हिडिओंमुळे प्रसिद्ध झालेला माणूस. सीबीएस वाहिनीने त्याला घराघरांत नेलं. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला त्याची लढत केन शॅमरॉकशी ठरली होती. ऐन दिवशी शॅमरॉकला जखम झाली आणि तो बाजूला झाला. हॉल भरलेला, वाहिनीची वेळ ठरलेली. त्याच कार्यक्रमात दुसरीकडे लढणाऱ्या सेथ पेट्रुझेलीला काही तासांत किम्बोसमोर आणलं गेलं. 14 सेकंदांत किम्बो पडला. ज्या कंपनीने आपला सगळा डोलारा या एका माणसावर उभा केला होता, ती काही आठवड्यांत बंद पडली. तिथे जोड कोणी तोलली? तोलायला वेळच नव्हता, आणि लढत रद्द करण्याचं धैर्य कोणाकडे नव्हतं. आपल्या यात्रा कमिटीतले पंच नेमलेल्या कुस्तीचा एक गडी आला नाही तर ती कुस्ती सरळ रद्द करतात. लोक ओरडतात, पण पंच ऐकत नाहीत. त्या नकारात केवढं शहाणपण आहे ते आपल्याला उमगायला हवं.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. महाराष्ट्र केसरीच्या गटात 86 ते 125 किलोपर्यंतचे मल्ल येतात, म्हणजे तिथेही वजनात मोठं अंतर पडू शकतं. पण वरची हद्द बांधलेली आहे आणि दोघेही एकाच विद्येचे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला काय झालं तेही आपण पाहिलं. आपल्याच खेड तालुक्याचा शिवराज राक्षे, 2023 चा महाराष्ट्र केसरी, पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिला गेला. पाठ टेकलीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. रागाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं चूकच, त्याला माफी नाही. पण भांडण कशावरून झालं ते बघा. पाठ टेकली की नाही, एवढ्याच प्रश्नावरून. म्हणजे निकालाला अर्थ होता, कारण जोड खरी होती. सॅपच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत तो लढतींमागून लढती मिनिटा-दोन मिनिटांत हरत गेला, तेव्हा निकालावरून असं जीव तोडून भांडावं असं कोणाला वाटलं?

हे सगळं आज सांगण्याचं कारण भोसरी, चिखली, मोशी, चाकण या पट्ट्यातली मुलं आहेत. एकीकडे तालमी आहेत, वस्ताद आहेत. दुसरीकडे नव्या व्यायामशाळा निघतात आणि त्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवतात. खेळ चांगला आहे, शिस्तीचा आहे. माझा त्याला विरोध नाही. भीती वाटते ती त्या मुलाची, जो कंपनीत कंत्राटावर काम करतो, रात्रपाळी संपवून सरावाला येतो आणि ज्याला कोणीतरी सांगतं की येत्या रविवारी उतर, समोरचा कोण ते तिथेच कळेल. फलकावर आपला फोटो येणार म्हणून तो हो म्हणतो. सॅपला डोळ्याचं हाड मोडल्यावर उपचार मिळाले, मानधन मिळालं, पुढे सिनेमाही मिळाला. या मुलाचं मनगट मोडलं तर सोमवारी लाइनवर उभं राहता येत नाही, आणि कंत्राटदार दुसरा माणूस घेतो. आखाड्याशेजारी डॉक्टर बसवणं ही नंतरची गोष्ट झाली, जोड लावणं ही आधीची.

तर आयोजकांनो, जिमचालकांनो, यात्रा कमिटीच्या मंडळींनो, एक विनंती आहे. फलकावर दोघांचे फोटो छापता, तिथेच दोघांचं वजन छापा, दोघांच्या आजवर किती लढती झाल्या ते छापा आणि ही लढत कधी ठरली ती तारीख छापा. निव्वळ मनोरंजनाचा कार्यक्रम असेल तर तसं लिहा, लोक तरीही येतील. आणि पालकांनो, वस्तादांनो, हे लिहिलेलं नसेल तर मुलाला उतरू देऊ नका.