कार्ट कोणाच्या नावावर?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा. सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो.

(पुट-पुट-पुट असा इंजिनाचा आवाज, मागे समुद्रपक्षी)

ओळखा. ऑटोरिक्षा? नाही. लग्नाच्या मांडवामागचा जनरेटर? तोही नाही. हे गोल्फ कार्ट आहे, पेट्रोलवर चालणारं. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं कॅटलिना नावाच्या बेटावर. लॉस एंजेलिसच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटर आत समुद्रात. माझी आतेबहीण तिकडे लाँग बीचजवळ राहते. ती म्हणाली, "चल, तुला एक गंमत दाखवते. आमच्याकडचं माथेरान."

आता, मी नेरळचा. माझे बाबा नेरळ ते दस्तुरी टॅक्सी चालवतात. माझा मामा दस्तुरीपासून पुढे वर हातरिक्षा ओढतो. म्हणजे बाबांची कमाई जिथे संपते तिथे मामाची सुरू होते. त्यामुळे कोणी एखाद्या जागेला "आमच्याकडचं माथेरान" म्हटलं की मी आधी नाक मुरडतो. पण बोटीतून उतरलो आणि गप्प झालो. कारण रस्त्यावर मोटारी जवळजवळ नाहीत, आणि लोक भांडतायत मात्र गाड्यांवरूनच!

तर त्या बेटावर अ‍ॅव्हलॉन नावाचं एकच शहर आहे. शहर कसलं, साडेतीन हजार वस्तीचं गाव. माथेरानपेक्षाही लहान. आणि वर्षभरात तिथे पर्यटक येतात दहा लाखांच्या घरात. गल्ल्या अरुंद, चढ-उताराच्या. मोटारी येऊ दिल्या तर आठवड्यात गाव बंद पडेल. म्हणून गावाने मोटारींच्या संख्येवर मर्यादा घातली. गंमत अशी की रस्त्यावर किती गाड्या आणि केवढ्या आकाराच्या असाव्यात हे ठरवायचा अधिकार कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सगळ्या राज्यात या एकाच शहराला दिलेला आहे. तिथे मोटार घ्यायची तर यादीत नाव लावायचं आणि थांबायचं. किती? वीस-पंचवीस वर्षं. आपल्याकडे लँडलाइन फोनसाठी नंबर लावायचे ना, आजोबांच्या काळात, तसं.

मग माणसं फिरतात कशाने? गोल्फ कार्टने. त्यांचा तिथला शब्द आहे 'ऑटोएट'. छोटं, चार चाकांचं, वर छप्पर. आजी किराणा आणायला त्यातून जाते, प्लंबर त्यात पाइप टाकून जातो, पर्यटकांना तासावर भाड्याने मिळतं. भाड्याच्या कार्टबरोबर हातात नकाशा देतात, या या रस्त्याने जायचं, त्या बाहेर नाही.

मला वाटलं, किती छान. प्रश्न मिटला. आतेबहीण हसली. म्हणाली, "जरा कोणाशी बोल तरी."

बोललो. आईस्क्रीमच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, मोटारी नकोत म्हणून कार्टं आणली, आता कार्टंच मोटारींसारखी झालीत. उन्हाळ्यात दारासमोर रांग, पेट्रोलचा वास, आणि हा पुट-पुट आवाज रात्री अकरापर्यंत. त्याचं म्हणणं, संख्या कमी करा आणि पेट्रोलची बंद करा, फक्त बॅटरीची ठेवा. शेजारी एक कार्ट भाड्याने देणारा उभा होता, तो उसळला. म्हणाला, बॅटरीची कार्टं महाग, या चढावर दिवसभर टिकली पाहिजेत, आणि पर्यटकच आले नाहीत तर तुझं आईस्क्रीम कोण खाणार? आणि वर एक टोमणा मारला, तो मला फार आवडला. म्हणाला, "बॅटरी चार्ज कशावर करशील?" कारण त्या बेटाची वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवर बनते. किनाऱ्यावरून बोटीने डिझेल येतं, पेबली बीच नावाच्या जागी वीजघर आहे, तिथे जळतं. म्हणजे धूर गल्लीतून उचलून गावाबाहेर नेऊन ठेवायचा. तरी मला विचाराल तर मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूने. धूर लहान मुलांच्या नाकापासून लांब गेला तरी काहीतरी मिळवलंच. आणि वीजघर एक आहे, ते कधीतरी सुधारता येतं. शेकडो छोटी इंजिनं कोण सुधारत बसणार?

पण माझ्या डोक्यात राहिली ती तिसरीच बाई. हॉटेलात खोल्या साफ करायची. मूळची मेक्सिकोची. दुपारी पाळी संपवून चढावरून चालत घरी निघाली होती. मी विचारलं, तुमचं कार्ट नाही का? ती म्हणाली, कार्टला शहराचं परमिट लागतं आणि एका घरामागे किती, यावर मर्यादा आहे. "आम्ही एका घरात तीन कुटुंबं राहतो. परमिट घराला आहे, माणसाला नाही."

हे वाक्य मी घेऊन आलो. विमानातून, मुंबईहून लोकलने, नेरळपर्यंत.

आता आपल्या डोंगरावर या.

माथेरान हेही एक बेटच आहे, फक्त भोवती पाण्याऐवजी दरी. आठशे मीटर उंच. २००३ साली केंद्र सरकारने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. वाहनं दस्तुरीला थांबतात. पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी, एवढाच अपवाद. बाकी मिनी ट्रेन, घोडा, हातरिक्षा नाहीतर आपले पाय. तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल तर लाल मातीने रंगलेले बूट आठवत असतील.

हातरिक्षा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन मोठी चाकं, वर खुर्चीसारखी बैठक, पुढे दांडा. एक माणूस पुढे ओढतो, दोघं मागून ढकलतात. चढ असेल तर तिघांचीही छाती फुटायची वेळ येते. उतार असेल तर आणखी वाईट, कारण मग ती रोखून धरायची असते. मामाचे गुडघे चढाने नाही गेले, उताराने गेले.

अशा ९४ रिक्षांना परवाने आहेत.

ई-रिक्षा आणा ही मागणी पर्यटकांनी केली नाही, हॉटेलवाल्यांनीही नाही. मागणी रिक्षा ओढणाऱ्यांची. एका निवृत्त शिक्षकाने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सात ई-रिक्षा सुरू झाल्या, तीन महिन्यांसाठी. तुम्ही त्या रिक्षा पाहिल्यात तर म्हणाल, अरे हे तर गोल्फ कार्टचं भावंड! शाळेची पोरं त्यात बसायला लागली. म्हातारी माणसं दवाखान्यात जायला लागली. मामा पहिल्या दिवशी बघून आला आणि म्हणाला, "भाच्या, आवाजच नाय रे तिला. मांजरावानी येते."

आणि मग भांडण पेटलं. घोडेवाले विरोधात गेले. आता, रीलवर कमेंट करणाऱ्यांना घोडेवाले म्हणजे खलनायक वाटतात. मला नाही वाटत. साडेचारशेच्या वर घोडे आहेत डोंगरावर. आमच्या घराशेजारचे काका घोडा ठेवतात. एका संध्याकाळी दस्तुरीच्या टपरीवर ते आणि मामा समोरासमोर आले. चहा दोघांच्या हातात, आणि मी मध्ये.

काका म्हणाले, "तुला कोर्टाने गाडी दिली. मला काय दिलं? तुझी रिक्षा बंद केली तर तिला गवत लागत नाही. माझ्या घोड्याला पावसाळ्यातपण रोज खायला लागतं, गिऱ्हाईक असो-नसो."

मामा म्हणाला, "तुझा घोडा ओढतो रे. इथं घोडा मीच हाय."

दोघंही थोडा वेळ गप्प. मग काकांनी दुसरा मुद्दा काढला, रस्त्याचा. ई-रिक्षा लाल मातीवर नीट चालत नाही, म्हणून रस्त्याला पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर पाऊस पडला की नाल मारलेला घोडा घसरतो. हे खोटं नाही, मी स्वतः घसरताना पाहिलाय. शिवाय आज दस्तुरी ते बाजार, उद्या पॉइंटपर्यंत, परवा पर्यटकांच्या गाड्या, ही भीती घोडेवाल्यांचीच नाही, पर्यावरणवाल्यांचीही आहे. कोर्टाने पुढे त्यावर रेघ मारली: मुख्य रस्त्याला चालतील, आतल्या वाटांना आणि घोड्यांच्या रस्त्यांना नाही. माझ्या मते ही रेघ बरोबर जागी आहे. ती पाळली जाते का, हे दर पावसाळ्यात बघावं लागेल.

संख्येचं काय? इथे अ‍ॅव्हलॉनची ती बाई मला पुन्हा भेटते. जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की ई-रिक्षा सध्याच्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या, त्यांचा रोजगार जातोय त्याची भरपाई म्हणून. त्याच वर्षी संख्या तूर्त वीसवर बांधली. आणि मग तक्रार आली की या वीसमधल्या रिक्षा खऱ्या ओढणाऱ्यांना मिळाल्याच नाहीत, भलत्यांना मिळाल्या. हेही कोर्टात गेलं, चौकशीचे आदेश निघाले.

'खरा ओढणारा' म्हणजे कोण? हिशेब करा. ९४ परवाने. एका रिक्षेला तीन माणसं. परवाना एकाचा. ई-रिक्षेला चालक एक. मग मागून ढकलणारे दोघं कुठल्या कागदावर आहेत?

माझा मामा मागून ढकलणारा आहे. सव्वीस वर्षं. परवाना त्याच्या नावावर कधीच नव्हता. दिवसाच्या शेवटी पैशांची वाटणी व्हायची, हातात रोख. कुठे सही नाही, पावती नाही.

६ ऑगस्ट २०२५ ला शेवटचा मोठा निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं, माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानुष आहे, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. त्यात १९८० च्या पंजाबमधल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्याचीही आठवण काढली आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतरही तोच विषय. ई-रिक्षा द्यायच्या कशा, यासाठी कोर्टाने गुजरातच्या केवडियाचं उदाहरण दिलं. तिथे गाडी घ्यायचा बोजा चालवणाऱ्यावर नाही, त्याला ती भाड्याने मिळते. आणि सरकारला बजावलं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. खरे ओढणारे कोण याची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीने करायची. त्यांना देऊन झाल्यावर आणखी गाड्या लागल्या तर आदिवासी बायका आणि इतरांना द्यायच्या.

मला हा निकाल आवडला, सरळ सांगतो. भाड्याने देण्याची कल्पना तर फारच. कारण परवाना विकत घेता येत असला की तो हळूहळू ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या खिशात जातो. अ‍ॅव्हलॉनला काय नि आपल्याकडे काय. गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहायची असेल तर मालकी दुसऱ्या कोणाकडे साठता कामा नये.

पण यादी?

मी हा भाग रेकॉर्ड करतोय दिवाळीनंतर. मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. गेल्या रविवारी मामाकडे गेलो तर तो पत्र्याची पेटी उघडून बसला होता. आधार कार्ड, रेशन कार्ड, दवाखान्याचे गुडघ्याचे कागद. म्हणाला, "यात कुठं लिवलंय का रे, मी रिक्षा ढकलतो म्हणून?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्यालाच सुचलं. कोणी मागितलेलं नाही हे, त्याचीच कल्पना. म्हणाला, "पब्लिक लय फोटो काढतं. हजारो काढले असतील. बघ ना तुझ्या त्या इंटरनेटवर."

दोन रात्री बसलो. माथेरान, हातरिक्षा, सगळं शोधलं. खूप फोटो आहेत. बैठकीवर टोपी घातलेली आजी, मांडीवर नातू, मागे धुकं. पुढे दांडा धरलेला माणूस बऱ्याचदा दिसतो, हसतोसुद्धा. मागचे दोघं बैठकीच्या आड जातात. एखादा कोपर, एखादी बंडी, चिखलाने भरलेली एक टाच. एका फोटोत मला वाटलं की ही टाच मामाची. त्याला दाखवली. त्याने चष्मा लावून पाहिली, स्क्रीन मोठी केली, आणि म्हणाला, "नाय. ही पांडूची."

तर एक काम सांगतो. तुमच्या घरी माथेरानच्या सहलीचे फोटो असतील, २००० सालानंतरचे, अल्बममधले नाहीतर जुन्या मेमरी कार्डातले. हातरिक्षेचा फोटो असेल तर बैठकीच्या मागे बघा. चेहरा दिसत असेल, एकाचा, दोघांचा, तर फोटो काढून मला पाठवा, मागे तारीख लिहिलेली असेल तर तिच्यासकट. मामाचाच हवा असं नाही. मी ते सगळे घेऊन रविवारी वर जाणार आहे, दस्तुरीच्या टपरीवर. तिथे ओळखणारे बसलेले असतात.