नशिबाचे तिकीट की कष्टाची पुंजी?

(वर्षावासानिमित्त मंडळाच्या विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 वर्षावासात, विहारात, लॉटरीवर भाषण कशाला, असे काहींना वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो. मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीत अभ्यासिकेच्या खर्चाचा विषय निघाला. पैसा कमी पडतो आहे. तेव्हा आपल्या एका तरुण कार्यकर्त्याने सूचना मांडली की, पन्नास-पन्नास रुपयांची कुपने छापावीत, भाग्यवान सोडत काढावी आणि पहिले बक्षीस म्हणून मोटारसायकल ठेवावी. सूचना चांगल्या हेतूने आलेली होती, त्यात शंका नाही. निर्णय पुढच्या सभेवर ठेवला आहे. त्या सभेआधी लॉटरी खेळणे परवडते का, आणि ती आपण काढावी का, याचा सर्वांनी मिळून विचार करावा, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. आमचे थोरले मामा रेल्वेत खलाशी होते. दारू नाही, विडी नाही, कोणाशी भांडण नाही. संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडले की टपरीवरून एक रुपयाचे लॉटरीचे तिकीट घ्यायचे, एवढाच त्यांचा शौक. व्यसन नाही म्हणून घरात त्यांना कोणी बोलले नाही. मामा वारले तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. वर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि खाली सुतळीने बांधलेली तिकिटांची बंडले. काही तिकिटांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले होते : घराचे पत्रे. आईचे डोळे. सुमनची फी. आम्ही आणि सुमनताईने बसून ती तिकिटे मोजली. तीन हजारांच्या वर भरली. सुमनताईची डी.एड.ची जागा नऊशे रुपयांसाठी हातची गेली होती. मोजून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "दादांनी माझ्यासाठीच घेतली होती रे." त्या दिवसापासून लॉटरी घेणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणत नाही. पण लॉटरीला मात्र निरुपद्रवी म्हणणे आम्हाला जमत नाही.

आता हिशेब करू. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावा. समजा, एका सोडतीत दहा लाख तिकिटे आहेत आणि तिकीट वीस रुपयांचे आहे. सगळी खपली तर दोन कोटी रुपये जमा होतात. त्यातून छपाई, विक्रेत्याचे कमिशन, कर आणि चालवणाऱ्याचा वाटा जायचा. समजा, बक्षिसांत एक कोटी वाटले. म्हणजे एखाद्याने सर्वच्या सर्व तिकिटे विकत घेतली, एकही बक्षीस त्याच्या हातून सुटणार नाही अशी व्यवस्था केली, तरी तो दोन कोटी घालून एक कोटी घरी नेईल. सगळी तिकिटे घेणाऱ्याला जो धंदा बुडीत जातो, तो एक तिकीट घेणाऱ्याला फायद्याचा कसा होईल? प्रमाण बदलेल, आकडे बदलतील. पण जमा रकमेपेक्षा कमी रक्कम वाटल्याशिवाय कोणतीही लॉटरी चालू शकत नाही.

पहिल्या बक्षिसाची गोष्ट तर आणखी दूरची. दहा लाखांत एक, हे बोलायला सोपे आहे. समजा, भगवान बुद्धांच्या काळापासून एक माणूस रोज एक तिकीट घेत आला आहे. अडीच हजार वर्षांत त्याची सुमारे नऊ लाख तिकिटे झाली. एवढे करूनही त्याला पहिले बक्षीस लागलेच असते असे सांगता येत नाही. अशी शंभर माणसे घेतली तर त्यांतल्या सुमारे चाळीस जणांना ते एकदाही लागलेले नसते. आपल्याला तर पन्नास-साठ वर्षांचे कमावते आयुष्यही मिळत नाही.

आणि समजा, लागले. दहा लाखांच्या बक्षिसावर तीस टक्के आयकर आणि त्यावर चार टक्के उपकर धरला की तीन लाख बारा हजार जातात, हातात सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार येतात. आधी दहा वर्षे वाया गेलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा मागता येत नाही. शिवाय तिकिटावर वस्तू व सेवा कर असतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये तो चाळीस टक्के झाला.

खेळणाऱ्यांच्या दोन समजुती आम्ही नेहमी ऐकतो. पहिली, "एका आकड्याने हुकले." तिकीट ४५६७८ आणि नंबर निघाला ४५६७९. मित्रहो, सोडतीत शेजार नसतो. हुकलेले तिकीट एका आकड्याने हुकले काय आणि चाळीस हजारांनी हुकले काय, सारखेच. दुसरी, "इतके दिवस लागले नाही, म्हणजे आता लागणारच." सोडतीच्या यंत्राला तुमचे मागचे दिवस ठाऊक नसतात. प्रत्येक सोडत नव्याने सुरू होते. पण या दोन समजुतींवर माणूस उद्याचे तिकीट घेतो. मग स्वप्नात दिसलेला आकडा, गाडीचा नंबर, कोणा बाबाने सांगितलेला अंक. १९५६ साली नागपूरला आपल्या वाडवडिलांनी दैवाची पाटी पुसून टाकली. त्यांच्या नातवंडांनी तीच पाटी पुन्हा आकड्यांनी भरावी काय?

कोणी म्हणतात, "सरकारच चालवते, मग वाईट कसे?" मुद्दा रास्त आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. केरळने १९६७ साली लॉटरी खाते काढले. महाराष्ट्रात राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, हा तिचा एक हेतू सांगितला गेला. मटक्यात माणूस लुबाडला जाई आणि दाद मागायची सोय नसे. त्या मानाने सरकारी सोडत उघड आणि हिशेबी, हे मान्य. टपरीवर बसून तिकिटे विकणाऱ्या अपंग बांधवांचे पोटही त्यावर चालत आले आहे, हेही मान्य. पण १९९८ साली लॉटरी नियमनाचा कायदा झाला आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राज्याने चालवली तरी लॉटरी हा जुगारच राहतो. तामिळनाडूने २००३ साली आणि कर्नाटकाने २००७ साली लॉटरी बंद केली. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. सरकारी शिक्क्याने फसवणूक टळते. वजाबाकी टळत नाही.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहातला सिगाल नावाचा गृहस्थपुत्र वडिलांच्या सांगण्यावरून रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. त्याला भगवंतांनी संसारी माणसाचे वागणे कसे असावे ते समजावले. धन वाहून जाण्याच्या सहा वाटा त्यांनी सांगितल्या. त्यांत जुगार आहे. जुगाराचे सहा तोटेही सांगितले : जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक करतो, असलेली संपत्ती जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, मित्र आणि सोबती त्याला तुच्छ लेखतात, आणि त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. यात पाप-पुण्याची किंवा पुढच्या जन्माची भीती घातलेली नाही. सहाही तोटे याच जन्मातले, घरातले आणि गावातले आहेत. कोणीही पडताळून पाहावेत.

त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. अंगुत्तर निकायातल्या व्यग्घपज्ज सुत्तात तळ्याचा दृष्टांत आहे. तळ्यात पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. येण्याच्या बंद करून जाण्याच्या उघड्या ठेवल्या, तर तळे आटणारच. जाण्याच्या वाटांत जुगार पुन्हा आहेच.

परंतु बंधू-भगिनींनो, एवढे सांगून थांबलो तर तो उपदेश होईल, आणि उपदेशाने मामांचे तिकीट सुटले नसते. गरीब माणूस तिकीट का घेतो? आम्हाला वाटते, त्याला एकरकमी पैसा लागतो म्हणून. पोटापुरते तो रोज कमावतो. पण पत्रे, फी, दवाखाना, लग्न, यांना दहा-वीस हजार एकदम लागतात. ते उभे करण्याची वाट त्याला दिसत नाही. पगारदाराला बँक कर्ज देते, याला सावकार देतो. अशा माणसाला टपरीवर वीस रुपयांत एकरकमी पैशाचे स्वप्न मिळते. तेव्हा "खेळू नका" म्हणणाऱ्याने ती रक्कम उभी करण्याची दुसरी वाट दाखवली पाहिजे.

ती वाट आपल्या आया-बहिणींना पूर्वीपासून माहीत आहे. भिशी! वीस जणी दरमहा पाचशे टाकतात, दहा हजार होतात आणि चिठ्ठी निघते. लॉटरीतही चिठ्ठी आणि भिशीतही चिठ्ठी. पण लॉटरीत लाखांचे पैसे एकाला जातात आणि बाकीचे हात हलवत परततात. भिशीत वीस महिन्यांत विसावीच्या विसावी बाईचा नंबर लागतो. कोणाचा आधी, कोणाचा नंतर, एवढाच फरक. मात्र भिशी ओळखीच्या माणसांत, वहीवर सही घेऊनच चालवावी. दाम दुप्पट करून देतो म्हणणारा आला तर त्याला दारातूनच परत पाठवावा.

दुसरी वाट पोस्टाची. रोजचे वीस म्हणजे महिन्याचे सहाशे. २०२४ साली पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ६.७ टक्के व्याज होते. त्या दराने सहाशे रुपये महिन्याचे पाच वर्षांनी सुमारे ४२,८०० रुपये होतात. भरलेले ३६,००० आणि बाकीचे व्याज. बक्षीस लहान आहे, पण ते प्रत्येकाला लागते. दहावीला पोचलेल्या मुलीची पुढची फी त्यात बसते.

आता अभ्यासिकेच्या कुपनांकडे येतो. पन्नास रुपयांची चार हजार कुपने खपली तर दोन लाख जमतील. ऐंशी हजारांची मोटारसायकल दिली की उरले एक लाख वीस हजार. कुपने घेणार कोण? आपलीच वस्ती. म्हणजे अभ्यासिकेला एक लाख वीस हजार मिळावेत म्हणून आपल्याच माणसांच्या खिशातून दोन लाख काढायचे. शिवाय राज्याची नसलेली किंवा राज्य सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणे, हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. त्याऐवजी वस्तीतल्या दोनशे घरांनी दरमहा पन्नास रुपये दिले, तर वर्षाचे होतात बरोबर एक लाख वीस हजार. रक्कम तीच. फरक एवढा की, त्या अभ्यासिकेत बसणारा मुलगा सांगू शकेल, ही जागा आमच्या वस्तीने कष्टाच्या पैशातून उभारली. ज्या खोलीत त्याला आपण गणित शिकवणार, ती खोली चुकीच्या गणितावर उभी करू नये.

दोनशे घरे मिळतील का, असे कार्यकर्ते विचारतील. फिरावे लागेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावती पुस्तक घेऊन दारोदार जावे लागेल. दोन दारे बंद होतील, तिसरे उघडेल. सोडतीपेक्षा हे काम कष्टाचे आहे, यात वाद नाही. पण हिशेब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लिहिला, तर लोक पैसे देतात असा आमचा अनुभव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे. घरात कोणी तिकीट घेत असेल तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांची थट्टा करू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "बाबा, बक्षीस लागले तर काय करायचे ठरवले आहे?" ते जे सांगतील ते वहीत लिहा. मग त्याला किती पैसे लागतील आणि वीस रुपये रोजाने ते किती दिवसांत जमतील, हे दोघे मिळून मांडा. आम्ही मामांना तो प्रश्न कधी विचारला नाही. त्यांनी उत्तर तिकिटांच्या मागे लिहून ठेवले होते, ते आम्ही फार उशिरा वाचले.

पुढच्या सभेत कुपनांचा ठराव मागे घ्यावा आणि दरमहा पन्नास रुपयांचा ठराव मांडावा, अशी नम्र विनंती करतो. आमच्या घराची पहिली पावती आजच फाडावी. 

जयभीम. नमो बुद्धाय.