घाटात कमी पडलेलं पेट्रोल
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, पाथर्डीकडून नगरला येताना तिसगाव गेलं की करंजीचा घाट लागतो. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, तरी आमच्या तोंडी 'नगरला चाललो' हेच बसलेलं आहे. तर गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. माझी धाकटी बहीण, तिच्या सासूबाई आणि भाचा मोहटादेवीचं दर्शन घेऊन परत निघाले होते. गाडी भाच्याची, जुनी एस्टीम. १२९८ सीसीचं, ८५ अश्वशक्तीचं इंजिन. पण या इंजिनावर एक जादा गोष्ट होती, ती म्हणजे सुपरचार्जर. आणि तो माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या हातांनी बसवलेला होता.

घाटात पुढे एक ट्रक रांगत होता. भाच्याने तो ओलांडायला पाय तळापर्यंत दाबला. चार-पाच सेकंद गाडी जोरात सुटली, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि ताकद एकदम गेली. मागे निळा धूर. गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला, तोंडावर वळण आणि वरून दुसरा ट्रक. त्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज हे तुम्हाला एवढ्या शांतपणे सांगू शकतो आहे. बहिणीने संध्याकाळी फोनवर एवढंच विचारलं, "दादा, गाडी नीट केली होतीस ना?"

गाडी ओढून आणली आणि इंजिनाचं हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनची कड हरभऱ्याएवढी वितळलेली होती.

सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेतं, त्यापेक्षा जास्त हवा तो कोंबून देतो. आमचा ब्लोअर सुमारे ०.४ बार जादा दाब देत होता. जादा हवा आली की तिच्या प्रमाणात पेट्रोलही जादा लागतं. हे प्रमाण वजनात साधारण १४.७ ला १ असं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला नऊ हजार लिटर हवा लागते, म्हणजे दोनशे लिटरचे पंचेचाळीस ड्रम. दाब असताना तर पेट्रोल या प्रमाणापेक्षाही सढळ द्यावं लागतं, कारण त्याची वाफ होताना आतली उष्णता थोडी आवरली जाते. उलट ते कमी पडलं तर मिश्रण वेळेआधी आणि तडतडून पेटतं. तो खड्यांचा आवाज त्याचाच. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला ते फार वेळ सोसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ब्लोअर बसवताना हे कळलं नव्हतं का? कळलं होतं. इंजेक्टर मोठे घातले होते, त्यांचं टायमिंगही जुळवून घेतलं होतं. राहिला होता टाकीतला पेट्रोलचा पंप. तो मूळचाच होता. भाच्याने विचारलंही होतं, "मामा, पंप पुरेल का?" मी इंजिन चालू करून गेज लावला, सुई अडीच बारवर स्थिर होती. म्हटलं, "चांगला पंप आहे, कशाला खर्च करतोस?"

माझी चूक तिथे झाली. ज्याच्या घरी विहीर आहे त्याच्या ती पटकन लक्षात येईल. विहिरीवरची मोटर आपण कशी पाहतो? नुसती चालू आहे का एवढंच पाहत नाही, धार किती पडते ते बघतो. पावसाळ्यात पाणी वर असतं तेव्हा तीच मोटर पाट भरून वाहवते. मे महिन्यात पाणी खोल गेलं, हेड वाढलं, की धार करंगळीएवढी होते. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर मोटर नुसती गुणगुणते. मोटर बिघडलेली नसते, तिच्याकडून जास्त उंचीवर कमी विजेत पाणी मागितलेलं असतं.

गाडीतल्या पंपाचं तंतोतंत तसंच. इंजिन जागेवर चालत असताना पेट्रोलचा दाब सर्वांत कमी असतो आणि खपही सर्वांत कमी. म्हणजे पंपाची सर्वांत सोपी परीक्षा मी घेतली आणि त्याला पास करून टाकलं. पाय तळाला गेला की दाब ३ बार लागतो. ब्लोअरचे ०.४ बार आले की पेट्रोललाही तेवढाच दाब वाढवून ३.४ बारने आत शिरावं लागतं, कारण समोरून हवा तेवढीच ढकलत असते. म्हणजे खप सर्वांत जास्त असतो तेव्हाच हेडही सर्वांत जास्त असतं.

मूळ इंजिन पूर्ण ताकदीला तासाला साधारण २६ लिटर पेट्रोल मागेल, असा माझा हिशेब. ब्लोअरसह, आणि ब्लोअर स्वतः जी ताकद खातो ती धरून, आकडा चाळिशीच्या पुढे जातो. पूर्ण ताकद तासभर कोणी वापरत नाही हे खरं, पण घाटात दहा सेकंद वापरली तरी त्या दहा सेकंदांत धार त्याच मापाची हवी.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा ऊस मध्ये येतो. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे मळीपासून अल्कोहोल आणि मग इथेनॉल आलं. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. उसाला दर मिळतो म्हणून मला ते नकोसं नाही. पण इथेनॉलला स्वतःच्या वजनाच्या नऊपटच हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला या मिश्रणाचं पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त लागतं. जुन्या गाडीच्या पंपात जी थोडीफार शिल्लक होती, ती अशीही खाल्ली गेली. माझा हिशेब ४५ लिटरवर गेला.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. इंजिन बंद ठेवून पंप बाहेरून चालू केला. टाकीकडे परत जाणारी नळी मापाच्या डब्यात सोडली, रेग्युलेटरच्या हवेच्या नळीला सायकलचा पंप लावून ०.४ बारचा दाब दिला आणि घड्याळ धरलं. दार उघडं, आसपास ठिणगी नाही, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. अर्ध्या मिनिटात २७० मिलिलिटर पडलं. म्हणजे तासाला ३२ लिटर. हवे होते ४५.

पंपाच्या तोंडाशी व्होल्टमीटर लावला, तर बॅटरीवर १३.६ आणि पंपाला जेमतेम ११.६. दोन व्होल्ट जुनी वायर, जुना रिले आणि हिरवट पडलेल्या जोडांनी खाल्ले होते. बॅटरीपासून फ्यूज घालून नवी जाड वायर ओढली, नवा रिले घातला. त्याच जुन्या पंपाने आता ३३० मिलिलिटर दिलं, तासाला जवळजवळ ४० लिटर. वायरच्या खर्चात आठ लिटर मिळाले! पंप बदलायला निघणाऱ्याने आधी वायर बघावी ती यासाठी. तरी पाच लिटर कमीच होते, पंप बदलणं भागच होतं.

भाच्याच्या डोक्यात मोठा पंप होता, तासाला २५५ लिटरवाला. शर्यतवाल्यांत तो फार प्रसिद्ध. "मामा, एकदाच घालू, पुन्हा बघायला नको." त्याला घेऊन मी रविवारी कॅव्हलरी टँक म्युझियमला गेलो. लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ मध्ये नगरला उभारलेलं हे संग्रहालय आपण पाहुण्यांना दाखवतो, स्वतः मात्र क्वचित बघतो. तिथे सेंच्युरियन रणगाडा आहे. त्याचं मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचा भाऊ. तेच २७ लिटरचं बारा सिलिंडरी यंत्र, फक्त सुपरचार्जर काढलेला. ताकद हजारावरून साडेसहाशेच्या आसपास आली, पण साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालू लागलं.

त्या मर्लिनची एक गोष्ट मला भाच्याला सांगायची होती. १९४० च्या लढाईत या विमानांनी एकदम नाक खाली घातलं की इंजिन अडखळायचं. क्षणभर पेट्रोल तुटायचं आणि मग पंप इतकं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये ओतायचा की इंजिन बुडून गुदमरायचं. बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये उपाय काढला. धातूचा एक लहानसा तुकडा, मध्ये भोक. भोकाचं माप असं की इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जावं, थेंबभर जास्त नाही. विमानतळांवर फिरून त्यांच्या तुकडीने ते बसवले. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीतल्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर गेलेल्या.

भाचा म्हणाला, "म्हणजे जास्तही चालत नाही?" नाहीच चालत. २५५ लिटरचा पंप घातला असता तर इंजिन जागेवर असताना दोनशेहून जास्त लिटर टाकीत परत ढकलावे लागले असते. मूळ रेग्युलेटर आणि परतीची बारीक नळी एवढा लोंढा पेलत नाहीत, मग दाब उतरतच नाही, गाडी धुराडं होते. वर तेच पेट्रोल इंजिनाजवळून फिरून फिरून तापतं आणि मे महिन्यात, पाव टाकीवर, पंपालाच वाफ धरते. शेवटी ३ बारला तासाला ११० लिटर देणारा, इथेनॉल चालणारा पंप घेतला. आपल्या नगरच्या कारखान्यातून निघणाऱ्या लुनाला तर पंपच नव्हता, टाकी वर आणि कार्बुरेटर खाली, एवढ्यावर काम भागायचं!

बसवण्याचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. टाकी आधी जवळजवळ रिकामी केली. तळाशी चमचाभर गंज आणि चिखल निघाला, पंपाखालची जाळी काळीकुट्ट. नव्या पंपाला जुनी जाळी लावायचा मोह होतो, लावू नये. टाकीच्या आतली नळी इथेनॉलमध्ये बुडून राहणारी असते, बाहेरची साधी रबरी नळी तिथे फुगते आणि सुटते. मग पुन्हा डबा, सायकलचा पंप आणि घड्याळ. ३.४ बारला अर्ध्या मिनिटात ८५० मिलिलिटर. इंजिन जागेवर चालवून पाहिलं, दाब पूर्वीइतकाच. नवा पिस्टन घालून इंजिन आधीच बांधलं होतं. गेज काचेच्या बाहेर टेपने चिकटवला, कारण पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे आणायची नाही, आणि भल्या पहाटे घाट चढलो. सुई ३.४ ला गेली आणि वळणापर्यंत तिथेच राहिली.

आता जी गोष्ट खरं तर सर्वांत आधी सांगायला हवी होती ती. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. नव्या गाडीचं इंजिन रस्त्यावर येण्याआधी ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं, त्यांतली एक आपल्या नगरलाच आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई. आमच्या ब्लोअरला असा कुठला कागद नव्हता. घाटातल्या त्या वळणावर दुसरं काही झालं असतं, तर विमा कंपनीपुढे काय ठेवणार होतो? ब्लोअर बसवायच्या दिवशी हे मी भाच्याला बोललो नाही, कारण मलाही तो बसलेला पाहायचा होता.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी मिळून ब्लोअर उतरवला, मूळ इंजेक्टर परत घातले. ब्लोअर आता गॅरेजमध्ये फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. बंद मैदानावरच्या शर्यतीसाठी वेगळं इंजिन बांधायचं भाच्याच्या मनात आहे. त्याचा हिशेब तो वहीत मांडतो, आणि पहिल्या पानावर पंप लिहिलेला आहे. नवा पंप आणि नवी वायर मात्र एस्टीममध्येच ठेवली. परवा बहीण पुन्हा मोहट्याला निघाली. गाडीत बसण्याआधी तिने मला हाक मारली आणि विचारलं, "दादा, आज धार मोजलीस का?"