बेथोव्हेन, वेलिंग्टन आणि असई

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘बेथोव्हेन : एका बहिऱ्या स्वरसम्राटाची शोकांतिका’ असा छापलेला आहे. मी कळवलेलं शीर्षक वेगळं होतं. त्यात ‘असई’ हे गाव होतं. पण असई म्हटलं की लोक घरीच थांबतात, असं कार्यकर्त्यांचं मत पडलं. (हशा) मत अनुभवाचं आहे, त्यामुळे मी काही बोललो नाही. मी भोकरदन तालुक्यातला माणूस, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. सर कुठूनही निघाले तरी शेवटी असईला पोचतात, असं माझे विद्यार्थी म्हणायचे. पोचतो. आज व्हिएन्नाहून निघतो आहे, बघू किती वेळ लागतो.

बेथोव्हेनचं बालपण तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे. 1770 मध्ये बॉनला जन्म, वडील दरबारात गायक आणि दारूच्या आहारी गेलेले, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर या मुलाच्या खांद्यावर. 1792 मध्ये तो व्हिएन्नाला आला, हायडनकडे शिकला, सरदारांच्या दिवाणखान्यांत पियानो वाजवून नाव कमावलं. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी थेट ऑक्टोबर 1802 वर येतो.

व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात हा माणूस एकटा राहत होता. वय एकतीस. कान काही वर्षांपासून जात चालले होते आणि आता वैद्यांवरचा विश्वासही उडाला होता. 6 ऑक्टोबरला त्याने आपल्या दोन भावांच्या नावाने एक पत्र लिहिलं, 10 तारखेला त्याला पुरवणी जोडली. जीव द्यावा असं वाटत होतं, कलेनं धरून ठेवलं, असा त्याचा आशय. एका भावाचं नाव लिहायच्या जागा त्याने कोऱ्याच सोडल्या आहेत. का, यावर विद्वान अजून भांडतात. पत्र पाठवलंच नाही. तो गेल्यावर 1827 मध्ये कागदपत्रांत सापडलं. बेथोव्हेनवरचं प्रत्येक व्याख्यान या पत्रापाशी येऊन डोळे पुसतं. पुसावेतच. पण मला त्याच महिन्याच्या दुसऱ्या एका तारखेबद्दल बोलायचंय.

25 ऑक्टोबर 1802. दिवाळी. हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. पेशवा दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून मोकळा झाला. वसईचा तह तुम्हाला पाठ आहे, पुढे जातो. या बाजीरावाला गादीवर परत बसवायला ईस्ट इंडिया कंपनीने ज्याला पाठवलं, तो होता गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूवाला.

(मागच्या रांगेतून कुणीतरी : “आली असई!”) (हशा)

अहो, अजून पुण्यातच आहे. आणि तुम्ही हसताय, पण या वेलस्लीचे वडील कोण होते माहीत आहे? मॉर्निंग्टनचे अर्ल गॅरेट वेस्ली. संगीतकार! डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले संगीताचे पहिले प्राध्यापक. मुलगाही व्हायोलिन वाजवायचा आणि बरं वाजवायचा म्हणतात. मग एका मुलीला मागणी घातली. मुलीच्या घरच्यांनी नकार दिला, कारण पोराला ना पैसा ना भवितव्य. 1793 मध्ये या गृहस्थाने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि शिपाईगिरीच्या मागे लागला. तेव्हा पत्रिकेतली ‘शोकांतिका’ नक्की कोणाची, हे तुम्हीच ठरवा. एकाचे कान गेले तरी त्याने सूर सोडले नाहीत. दुसऱ्याने धडधाकट कानांनी सूर जाळले आणि आपल्याकडे तोफा घेऊन आला.

20 एप्रिल 1803 ला तो पुण्यात शिरला. 12 ऑगस्टला नगरचा भुईकोट त्याच्या हाती पडला. याच उन्हाळ्यात बेथोव्हेन व्हिएन्नाबाहेर ओबरड्योब्लिंगला बसून तिसरी सिंफनी रचत होता, जिला आपण एरॉइका म्हणतो. ती बोनापार्टच्या नावाने करायची असं त्याच्या मनात होतं.

आता असई. दहा मिनिटांत उरकतो, असं मी अध्यक्षांना सांगून ठेवलंय. त्यांचा विश्वास बसलेला नाही. (हशा)

आमच्याकडे खेळणा आणि जुई या दोन नद्या आहेत. उन्हाळ्यात पाहिल्यात तर नदी म्हणायची लाज वाटेल. पण ते दिवस पावसाळा संपतानाचे होते, दोन्हींना पाणी होतं. या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उतरलेली. 23 सप्टेंबर 1803. वेलस्लीला कर्नल स्टिव्हन्सनची तुकडी येऊन मिळायची होती, हल्ला दुसऱ्या दिवशी ठरला होता. पण फौज समोर दिसली आणि तो थांबला नाही. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. खेळणेच्या अलीकडे एक गाव, पलीकडे बरोबर समोर दुसरं, त्यातलं एक पिंपळगाव. त्याने विचार केला, दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत, म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच. घोडा घातला. उतार होता. साधी गोष्ट आहे. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने हे न विचारता सांगितलं असतं. पण सेनापती म्हणून त्याची कीर्ती इथून सुरू होते.

शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याच्या हाताखाली होत्या, तो अँथनी पोलमान मूळचा हॅनोव्हरचा, कंपनीच्याच पलटणीतला जुना सार्जंट. म्हणजे आमच्या शिवारात मराठ्यांच्या बाजूने एक जर्मन माणूस लढाई चालवत होता, हेही नोंदवून ठेवा. आपल्या पलटणींनी त्या दिवशी जे केलं ते इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. शत्रू बगलेवर आला असं कळताच अख्खी रांग वळवून तोफांची तोंडं फिरवली. असई गावाच्या अंगाला भरकटलेली 74 वी हायलंडर पलटण पार कापून काढली. गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग करून पडले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर उठून त्यांच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीची दोन घोडी त्याच्याखाली पडली. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 1584. वेलस्लीसोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला. आणि आपले धनी? दौलतराव आणि रघूजी, दोघेही आधीच मैदानातून निघून गेलेले. घोडदळ बहुतेक बघत उभं राहिलं. 98 तोफा मागे राहिल्या. आमच्या आळीतली म्हातारी माणसं सांगायची, नांगरटीला कधी कधी शिशाची गोळी वर यायची, पोरं ती गोफणीला लावायची.

म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारलं, तुमची लढाईतली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती? तो एकच शब्द बोलला. वॉटर्लू म्हणाला नाही. असई म्हणाला.

(टाळ्या. कार्यकर्ते चिठ्ठी देतात.)

चिठ्ठीत ‘बेथोव्हेन?’ एवढंच लिहिलंय. प्रश्नचिन्हासकट. (मोठा हशा) आलो, आलो.

तर नेपोलियनने मे 1804 मध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. बेथोव्हेनला कळलं तेव्हा त्याने चिडून एरॉइकाचं मुखपृष्ठ फाडलं, असं त्याचा शिष्य रीस सांगतो. एक प्रत मात्र व्हिएन्नात जपलेली आहे. तिच्यावर ‘बोनापार्ट’ हे नाव इतक्या जोराने खरवडलंय की कागदाला आरपार भोक पडलंय. पुढचं भराभर सांगतो. नोव्हेंबर 1805 मध्ये फ्रेंच फौज व्हिएन्नात शिरली आणि आठवड्याभरात, 20 तारखेला, त्याचा एकुलता एक ऑपेरा ‘फिडेलिओ’ रंगमंचावर आला. ओळखीचे सरदार शहर सोडून गेलेले, समोर बसले होते फ्रेंच अधिकारी. तीन प्रयोगांत खेळ आटोपला. मे 1809 मध्ये पुन्हा फ्रेंच आले, या वेळी शहरावर तोफा डागत. बेथोव्हेन भावाच्या घराच्या तळघरात उशा कानांवर दाबून बसला होता. अर्धे गेलेले कान तोफांपासून वाचवत. त्याच महिन्याच्या अखेरीस हायडन वारला.

पण मला विचाराल तर बेथोव्हेनला खरा फटका 1811 मध्ये बसला, आणि तो नोटांचा होता. तीन सरदारांनी मिळून त्याला वर्षाला 4000 फ्लोरिन द्यायचं कबूल केलं होतं. युद्धाच्या खर्चाने ऑस्ट्रियाच्या सरकारचं दिवाळं निघालं आणि कागदी पैशाची किंमत एका झटक्यात पाचावा हिस्सा झाली. पुढल्या वर्षी त्या तिघांतला एक घोड्यावरून पडून मेला, बाकीचं कोर्टकचेऱ्यांत अडकलं. बहिऱ्या माणसाची गोष्ट सांगताना आपण त्याचं वाणसामान विसरतो.

आता मी ज्यासाठी आलोय ते. 21 जून 1813 ला स्पेनमध्ये व्हिटोरियाला वेलिंग्टनने नेपोलियनच्या भावाच्या फौजेचा पराभव केला. व्हिएन्नात मेल्झेल नावाचा एक खटपट्या यंत्रकार होता. बेथोव्हेनला कानाला लावायचे कर्णे यानेच करून दिले होते. त्याचं एक भलंमोठं वाजणारं यंत्र होतं. तो म्हणाला, या विजयावर काहीतरी रचा, लंडनला नेऊ, पैसा करू. बेथोव्हेनने रचलं आणि मग ते पुऱ्या वाद्यवृंदासाठी केलं. ‘वेलिंग्टनचा विजय’. एका बाजूला इंग्रजांचा बँड, एका बाजूला फ्रेंचांचा. तोफांसाठी मोठाले ढोल आणि बंदुकांसाठी लाकडी करकरे. जत्रेत पोरं दांडा धरून गरगरा फिरवतात आणि दात्यांवरून लाकडी पट्टी कडकडत जाते, तेच. कुठल्या बाजूची तोफ कुठल्या ठोक्याला उडवायची, तेही कागदावर खुणा करून लिहिलेलं.

8 डिसेंबर 1813 ला व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात पहिला प्रयोग झाला, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. सातवी सिंफनीही त्याच संध्याकाळी पहिल्यांदा वाजली. तोफखाना सांभाळायला सालिएरी, ढोलांवर हुमेल आणि मायरबेअर, सगळे संगीतकारच! सभागृह वेडं झालं. चार दिवसांत पुन्हा प्रयोग करावा लागला. पुढल्या वर्षी व्हिएन्नात भरलेल्या परिषदेत युरोपातले राजे समोर बसले तेव्हाही हे वाजलं. हयातीत बेथोव्हेनला असा जल्लोष क्वचितच मिळाला असेल.

जरा लावा हो ते. आवाज वाढवा. (ध्वनिमुद्रणाचा भाग ऐकवला जातो. करकऱ्यांच्या आवाजाने हशा.)

हसलात ना? जाणकारही हसतात. बेथोव्हेनची सगळ्यात वाईट रचना म्हणून हिच्याकडे बोट दाखवतात. त्याच्या हयातीतच एका समीक्षकाने झोडपलं, तेव्हा बेथोव्हेनने त्या लेखाच्या कडेला जे लिहिलं, ते इथे समोर आजीबाई बसल्या आहेत म्हणून सांगत नाही. (हशा) जाणकारांचं मत मला मान्य आहे. रचना भडक आहे. पण ‘पोटासाठी केलं, सोडून द्या’ असं म्हणून ती बाजूला सारली की त्याचं आयुष्य कळत नाही. ज्याने बोनापार्टचं नाव कागद फाटेपर्यंत खरवडलं, त्यानेच नऊ वर्षांनी दुसऱ्या सेनापतीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. एका विजेत्याचा राग आला, दुसऱ्याचा नाही. कारण दुसरा त्याच्या घरावर तोफा डागायला आला नव्हता. तो आपल्या घरावर आला होता.

बेथोव्हेनला असई ठाऊक होती का, असा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. नसेलच. माझा त्याच्यावर आरोप नाही. माझी तक्रार आपल्यावर आहे. आपण एरॉइका ऐकतो तेव्हा पॅरिस आठवतो, आणि तेच 1803 चं साल त्याच युद्धानंतरच्या सुरजी-अंजनगावच्या तहासाठी पाठ करतो. दोन्ही वेगवेगळ्या वह्यांत. शाळेत मी फळ्यावर दोन रकाने शेजारी शेजारी काढायचो, तर तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही.

दुसरी चिठ्ठी आली. आता नुसता घड्याळाचा आकडा आहे. (हशा) मग नववी सिंफनी, पुतण्याचं प्रकरण, त्या पोराने स्वतःवर झाडलेली गोळी, 1827 ची अंत्ययात्रा, हे सगळं राहिलं. त्यावर चांगली पुस्तकं आहेत. एवढंच सांगतो की मेल्झेलशी मालकीवरून बेथोव्हेनचा खटला लागला आणि शेवटी दोघांनी खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. रचनेची प्रत त्याने इंग्लंडच्या राजपुत्राला अर्पण करून पाठवली होती. तिकडून ना पोच आली ना पैसा. वर्षानुवर्षं तो त्याबद्दल कुरकुरत राहिला.

एक विनंती करून थांबतो. ‘वेलिंग्टनचा विजय’ साधारण पंधरा मिनिटांचा आहे, मोबाइलवर फुकट मिळतो. आज जेवणं उरकल्यावर सबंध ऐका, मघाशी ऐकलात तेवढाच नको. आणि अजिंठ्याला गाडी करून जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून असईला या. खेळणेचा तो उतार मी स्वतः येऊन दाखवीन. चहा माझ्याकडे.