करपा रोग आणि भाताच्या पानाची भिंत

(खरीप हंगामापूर्वीच्या शिबिरात सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर दिलेले भाषण)



मी कृषिशास्त्राचा नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. माहिती खात्याच्या कामानिमित्त शास्त्रज्ञांचे लेखन वाचावे लागते आणि न समजल्यास पुन्हा विचारावे लागते. अशा विचारपुशीतून भातावरील करप्याविषयी जे उमगले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

कोकणात काय किंवा भंडारा-गोंदियाकडे काय, शेतकऱ्याला हा रोग ओळखून द्यावा लागत नाही. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी ठिपके पडतात. पुढे लोंबीची मान काळी पडून मोडते आणि दाणे पोचट राहतात. आपण औषधासाठी धावतो ते ठिपके दिसल्यावर. परंतु खरा निकाल त्याच्या चार-पाच दिवस आधी, पानाच्या पृष्ठभागावर, लागलेला असतो.

भाताच्या पानावर मेणचट थर असतो. त्यावर पाणीसुद्धा ठरत नाही. करप्याच्या बुरशीचा बीजाणू मात्र तेथे चिकटतो आणि पान ओले असेल तर काही तासांत रुजतो. हे कसे साधते? या बुरशीच्या भित्तीवर एक पाणी न धरणारे प्रथिन असते. त्याचा अतिपातळ पापुद्रा पानाच्या मेणचट थराशी जुळतो आणि आपण योग्य जागी आलो आहोत, ही खूण बुरशीला पटते. १९९३ साली या प्रथिनाचे जनुक शास्त्रज्ञांनी शोधून निकामी केले, तेव्हा बुरशीची रोग पाडण्याची शक्ती पुष्कळ घटली.

खूण पटल्यावर कोंबाच्या टोकाशी एक घुमटासारखी फुगीर पेशी तयार होते. तिच्या भित्तीत काळ्या रंगद्रव्याचा थर असतो. त्यामुळे आतला दाब वाढत वाढत सुमारे ८० वातावरणांइतका होतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ ४० पट! या दाबाने एक सूक्ष्म खिळा पानाची भिंत भेदून आत शिरतो.

भातही स्वस्थ बसत नाही. बुरशीची भित्ती ज्या कायटिनची बनलेली असते, तेच द्रव्य खेकड्याच्या व कोळंबीच्या कवचात आढळते. भाताच्या अंगी मात्र ते नसते. म्हणून कायटिनचा तुकडा म्हणजे परक्याची चाहूल. भात आपल्या विकरांनी बुरशीच्या भित्तीचे तुकडे पाडतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरील एक पहारेकरी प्रथिन ते तुकडे पकडून धोक्याची सूचना देते. हा पहारेकरी जपानी संशोधकांनी २००६ साली ओळखला. बुरशीची हुशारी पुढेच आहे. तीही एक प्रथिन सोडते, जे हे तुकडे आधीच उचलते आणि पहारेकऱ्याच्या हाती लागू देत नाही. २०१२ साली हे उघडकीस आले. चोराने वाटेवरील पाऊलखुणा पुसत जावे, तसा हा प्रकार आहे.

शिक्षक मंडळींना यात वर्गासाठी उत्तम धडा मिळेल. सरपंचांना मात्र माझे सांगणे वेगळे आहे. ट्रायसायक्लॅझोल हे औषध त्या काळ्या थराची निर्मिती थांबवते. थर नसला की दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच राहते. अर्थात ती आत शिरल्यानंतर फवारले, तर जुने ठिपके बरे होत नाहीत. फार तर नवी पाने वाचतात. "औषध मारले, गुण आला नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच उशिरात असते.

दुसरी गोष्ट युरियाची. नत्र अधिक झाले की पाने हिरवीगार दिसतात खरी, पण करप्याला ती अधिक बळी पडतात. उलट सिलिका मिळाली तर ती पानाच्या बाहेरील भित्तीत साठून खिळ्याची वाट अवघड करते. ही सिलिका भाताच्या तुसाच्या राखेत भरपूर असते. चारसूत्री लागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात ही राख मिसळण्यास सांगतात, ते उगीच नव्हे. गिरणीमागे तुसाचे ढीग पडून राहतात, पावसात भिजतात आणि शेवटी कोणीतरी ते ओढ्यात लोटतो. पेरणीला अजून अवधी आहे. आपल्या गावच्या गिरणीत तूस किती निघते आणि त्याचे काय होते, हे प्रत्येकाने या आठवड्यात विचारून यावे; पुढील बैठकीत त्याचाच हिशेब घेऊ.