मदत मागण्याची इंग्रजी रीत

मराठींत आदर क्रियापदांतच वसतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्यावें’ एवढ्या फरकानें मागणाराचा विनय प्रकट होतो. इंग्रजींतील एकवचनी ‘दाउ’ सतराव्या-अठराव्या शतकांत शिष्टांच्या नित्य बोलण्यांतून लोपला. धनी आणि चाकर दोघेही ‘यू’ झाले. तेव्हां विनयाचा भार वाक्यरचनेवर पडला. ‘कॅन यू’ऐवजीं ‘कुड यू’ म्हटलें कीं रूप भूतकाळाचें, पण अर्थ वर्तमानाचा. आणि ऐकणारास नकाराची वाट मोकळी राहते. आज्ञेस नुसतें ‘प्लीज’ जोडल्यानें तिची विनंती होतेच असें नाहीं.

‘वुड यू माइंड’ येथें मराठी मनुष्य हटकून फसतो. ‘आपली हरकत आहे काय?’ असा तो प्रश्न. मदतीस उत्सुक असलेला भला गृहस्थ ‘येस’ म्हणतो आणि नकळत नकार देऊन बसतो! तेथें ‘नॉट अॅट ऑल’ हेंच संमतीचें उत्तर होय.

मदत देऊं करतांना ‘शॅल आय हेल्प यू?’ असें विचारावें. त्यावर ‘नो, थँक यू’ असें उत्तर आलें, तर आग्रह थांबवावा. आपल्याकडे पहिला ‘नको’ संकोचाचा मानतात; इंग्रजांत तो बहुधा खराच मानला जातो. म्हणून त्यांच्या घरीं पाहुण्यानें भिडेखातर ‘नो’ म्हणूं नये. उपाशीं उठण्याचा प्रसंग यावयाचा!