झटका आला, आता पुढे काय?

(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही. भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेला, तुमच्यातलाच एक. सहा वर्षांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयातून रुआबांध्याच्या घरी परतलो आणि सर्वांनी मला खुर्चीत बसवले. आमच्या सौ. पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईनात. तीन महिन्यांनी मंडपापर्यंत चालत आलो तरी धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ''हा त्रास झटक्याचा कमी, बसून राहण्याचा जास्त आहे.''

पूर्वी अशा रुग्णाला कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२ साली बॉस्टनचे डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला. आज डॉक्टर त्याच्याही पुढे जाऊन चालायला सांगतात.

चालल्याने काय होते? मेलेला स्नायू परत येत नाही. पण हातापायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू चांगला वापरू लागतात आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे श्रम कमी होतात. शिवाय ठोक्यांना लगाम घालणारी यंत्रणा सुधारते. तिची परीक्षा म्हणजे व्यायाम संपल्यानंतरचे पहिले मिनिट. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने १९९९ साली २,४२८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांना पुढील सहा वर्षांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. नियमित एरोबिक व्यायामाने ही उतरण सुधारते.

''योगासने चालतील का?'' असे बरेच जण विचारतात. भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे ४,००० रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली आले. पुन्हा झटका वा मृत्यू टळतो असे ठामपणे सिद्ध झाले नाही, पण रुग्ण पूर्वीच्या कामांना अधिक चांगले परतले. म्हणून योग करावा, चालणे सोडू नये.

माझा क्रम सांगतो. आधी ईसीजी, इको आणि डॉक्टरांची परवानगी. सुरुवात दहा मिनिटांनी, मग हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे सावकाश. चालताना बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये, एवढाच वेग. काही औषधांनी नाडी मंदच राहते, म्हणून आकड्यांच्या मागे लागू नये. मे महिन्यात सूर्योदयापूर्वीच चालावे. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. औषधे मनाने बंद करू नयेत.

भगिनींना एक विनंती. मायेपोटी माणसाला बसवून ठेवू नका, त्याच्यासोबत चाला. यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मी शेवटपर्यंत चालणार आहे. आमच्या सौ. बरोबर असतीलच!

गणपती बाप्पा मोरया!